बांधलेल्या कॉमिक्सचा भाव

प्रिय ताई,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत, अण्णांची तब्येत होती तशीच आहे, आणि तुझ्या भावजयीने तुला आठवण सांगितली आहे. फोन केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं हे मलाही कळतं. पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. तू म्हणतेस, "बाकी काय?" मी म्हणतो, "बाकी ठीक." आणि जे सांगायचं असतं ते तसंच राहून जातं. शिवाय हे प्रकरण असं गुंतलंय की कुठलं टोक आधी ओढायचं तेच मला समजत नाही. आज दुकानाला सुट्टी आहे, अण्णा आत झोपलेत, ही बाजारात गेली आहे. तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसून तुला सगळं पहिल्यापासून लिहितोय. लिहिता लिहिता माझं मलाच काही उमगलं तर बरंच.

आपली कॉमिक्स विकायला काढली आहेत, एवढं मी तुला मागे सांगितलं होतं. का काढली ते नीट सांगितलं नव्हतं. कारण तसं साधं आहे. अण्णांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. खालचा पुस्तकबांधणीचा कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली. मोठं कटिंग मशीन गेलं, प्रेस तेवढा राहिलाय, कारण तो उचलायला कोणी तयार होत नाही. माझ्या दुकानाजवळ आम्ही लिफ्ट असलेलं एक घर पाहिलंय. उजेड आहे, वारा आहे, फक्त जागा कमी. हिने टेप घेऊन एकेक सामान मोजलं आणि कॉमिक्सच्या कपाटापाशी येऊन म्हणाली, "हे कपाट आणि अण्णांचा पलंग, यांतलं एकच काय ते त्या खोलीत मावेल. कोणतं, ते तुम्ही बापलेक ठरवा." मी हसून सोडून दिलं. पण त्याच आठवड्यात दुकानात गिऱ्हाईक नसताना पेपर चाळत होतो, तर त्यात बातमी. 'पाणबुड्या'चा पहिला अंक कोणीतरी लिलावात घेतला, आणि त्याला जी रक्कम मोजली तिच्यात माझं घर वर्षभर आरामात चाललं असतं. ताई, पहिला अंक! आपल्याकडे आहे तो! आणि पहिलाच कशाला, आपल्याकडे सगळेच आहेत. मी ती बातमी एवढ्या वेळा वाचली की खोकल्याचं औषध मागणाऱ्या बाईंना मी पोटदुखीचं काढून दिलं. नशीब, त्यांनी बाटली वाचली.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुला आठवतं का, आपण ती कॉमिक्स विकत घेतली असं कधी झालंच नाही. कारखान्यातली कातरण गोणीत भरायची, गोणी दोघांनी दोन टोकांनी धरून रद्दीवाल्याकडे न्यायची, आणि त्याने एका पारड्यात कातरण टाकली की दुसऱ्या पारड्यात आपण कॉमिक्स रचायची. वजनाला वजन. तू हळूच गोणीवर पाणी शिंपडायचीस आणि तो हळूच बोट पारड्याला लावायचा, त्यामुळे शेवटी दोघांचंही बरोबर निघायचं. मला 'पाणबुड्या' हवा असायचा आणि तुला 'लोखंडी मावशी'. मावशी म्हणजे दिवसा ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर आणि संध्याकाळी गुंडांच्या मागे. तू म्हणायचीस, हिचा स्वयंपाक कोण करतं हे कधीच का दाखवत नाहीत? मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

मग मी वसतिगृहात गेलो आणि पहिल्या मोठ्या सुट्टीला घरी आलो, तो दिवस. कपाटात ढिगाने पडलेली कॉमिक्स गायब, आणि त्यांच्या जागी चौदा खंड. गडद लाल कापड, चामड्याचा कणा, कण्यावर सोनेरी अक्षरं. नऊ 'पाणबुड्या', पाच 'लोखंडी मावशी'. अण्णा फडक्याला हात पुसत उभे होते, म्हणजे हात स्वच्छच होते, उगाच पुसत होते. तू दाराआडून बघत होतीस. प्रत्येक अंकाच्या पिना काढून, कडा कापून, दोऱ्याने शिवून केलेलं काम होतं ते, आणि शिवण सगळी तुझी. सरकारी कायद्याच्या पुस्तकांना अण्णा एवढा जीव लावत नसत. मी खंड उघडला तर काही ठिकाणी वरची कड कापताना बोलण्याचे फुगेही कापले गेलेले. मावशी गुंडाची मानगूट धरून म्हणतेय "आता तुला" आणि पुढचं वाक्य कातरणीत गेलेलं. त्या सुट्टीत आपण दोघांनी मिळून ती सगळी वाक्यं पुरी केली होती. तुझ्या मावशीची भाषा माझ्या मावशीपेक्षा फारच वाईट होती.

तर ते खंड. बातमी वाचल्यावर मी चौकशी केली आणि जुन्या कॉमिक्सच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता मिळाला. फोनवर मी त्याला यादी वाचून दाखवली, तसा त्याचा आवाजच बदलला. "सलग आहेत? एकही अंक मधला गेलेला नाही? कोणाला सांगू नका, मी येतो." दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. बारीक, नीटनेटका, नम्र माणूस. चहाला नको म्हणाला, पाणीही लांब ठेवायला सांगितलं, आणि खिशातून पांढरे हातमोजे काढून चढवले. हिने त्याचं नाव तेव्हाच हातमोजेवाला ठेवलं. अण्णा मुद्दाम घडीचा सदरा घालून खुर्चीत येऊन बसले होते. मी कपाट उघडलं. हातमोजेवाल्याने लाल कणे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आणि कॉमिक्स कुठे आहेत?"

मी म्हटलं, हीच. त्याने पहिला खंड काढला, भिंगाने आतला टाका पाहिला, कड पाहिली, पहिल्या पानावरचा अण्णांच्या कारखान्याचा निळा शिक्का पाहिला. मग दुसरा काढला. बोलेना. मला वाटलं, आकडा एवढा मोठा आहे की त्याच्या तोंडून फुटत नाहीये. शेवटी त्याने मला खूण केली आणि आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो. तिथे तो कुजबुजत बोलला. बिचाऱ्याने फार सांभाळून सांगितलं, डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसं. म्हणाला, ही कॉमिक्स सुटी असती, पिनांसकट, कडांसकट, तर तुम्ही आज एखादं नवं घर पैशांचा विचार न करता घेतलं असतं. आता कडा नाहीत. पिना नाहीत. मधली जाहिरातींची आणि वाचकांच्या पत्रांची पानं फालतू म्हणून काढून टाकलेली दिसतात. शिक्के आहेत. "कोणी केलं हो हे?" त्याने विचारलं. त्याला राग आला नव्हता, खरंच वाईट वाटलं होतं. मी आतल्या खुर्चीकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं. मग त्याने आवाज आणखी खाली नेला. "काम उत्तम आहे," म्हणाला, "असं काम आता होत नाही. पण आमच्याकडे याची किंमत रद्दीपेक्षा थोडी जास्त, एवढीच." मी विचारलं, मग सगळ्यात जास्त किंमत कशाला? तर म्हणे, जो अंक छापखान्यातून निघाल्यावर कोणी उघडलाच नाही त्याला. म्हणजे न वाचलेल्या कॉमिकला. ताई, मी औषधं विकतो. माझ्याकडे प्रत्येक डबीवर किंमत छापलेली असते आणि मुदतही. न वाचलेलं पुस्तक वाचलेल्यापेक्षा महाग कसं, हे मला त्या जिन्यात उभं राहून कळेना, आणि अजून कळलेलं नाही.

आत गेलो तर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, विचार करून सांगतो म्हणाला. "विचार कसला करायचाय त्यात?" म्हणून ते उठले, टेबलाशी बसले आणि स्वतःच भाव काढायला लागले. कापड किती लागलं, चामडं कुठलं होतं, दोरा मेणाचा होता, सोन्याचा वर्ख खराच होता, आणि मजुरी आजच्या दराने. तीन दिवस हेच चाललं होतं. मधेच मला हाक मारायचे, "तिसऱ्या खंडाचे कोपरे चामड्याचे की कापडी, बघून सांग रे." शेवटी त्यांनी एक आकडा काढला. माझ्या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईएवढा. मी विचारलं, यात कॉमिक्सचे किती धरले? ते माझ्याकडे बघतच राहिले. "कॉमिक्सचे कसले? ती तर तुम्ही माझ्याच कातरणीवर आणली होती. आतलं फुकट. पैसे बांधणीचे." आता तूच सांग, मी काय करायचं होतं? एक जण म्हणतो आतल्या मालाला सोन्याचा भाव होता, बांधणीने मातीमोल केला. दुसरा म्हणतो माल मातीच होता, बांधणीने सोनं केलं. दोघंही आपापल्या धंद्यातले जाणते. दोघंही मला प्रामाणिक वाटतात. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. अण्णांना खरं सांगावं तर त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम म्हणजे नुकसान होतं, असं सांगावं लागणार. न सांगावं तर त्या आकड्याला गिऱ्हाईक कुठून आणू?

हिचा सल्ला असा की अण्णांच्याच आकड्याने जाहिरात द्या, कोणी येणार नाही, महिनाभराने अण्णाच कंटाळतील आणि मग बघू. मला तो पटला, कारण त्यात मला कोणालाच काही सांगावं लागत नव्हतं. फोटो काढले, इंटरनेटवर जाहिरात टाकली, वर अण्णांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं घातलं, "संपूर्ण हाताची शिवण." फोन आले, नाही असं नाही. एका हॉटेलवाल्याला पानं फाडून भिंतीवर चिकटवायची होती. एक बाई म्हणाल्या, आम्हाला लाल रंगाची पुस्तकं हवीत, दिवाणखान्यातले पडदे लाल आहेत, आत काहीही असलं तरी चालेल. एका गृहस्थांनी अर्धा तास बोलून शेवटी विचारलं, फोटोतलं कपाट विकायचंय का? कपाटाचा फोन मी हिला दिला. ती त्या माणसाशी फार आदराने बोलली.

त्याच सुमारास तुझा फोन आला होता. मी तुला ही सगळी गंमत सांगितली, हॉटेलवाला आणि लाल पडदे. हातमोजेवाला जिन्यात काय म्हणाला तेही सांगितलं. तू आधी खूप हसलीस. मग विचारलंस, "अण्णांनी किती लावलेत?" मी आकडा सांगितला. मला वाटलं लाइन गेली. मग तू म्हणालीस, "बाकी काय?"

आठ-दहा दिवसांनी पत्र आलं. छापील, एका पुस्तकांच्या दुकानाचं. आमच्या एका ग्राहकाला आपले चौदाही खंड आपण सांगितलेल्या किमतीला हवे आहेत, रक्कम आधी पाठवत आहोत. फक्त फोटोंवरून काही खंडांचे कणे सुटलेले दिसतात. बांधणी करणारे कारागीर अजून काम करत असतील तर ते दुरुस्त करून मिळावेत, त्याचे वेगळे पैसे देऊ. दुकान तुझ्या गावातलं आहे, ताई. मी हातमोजेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पैसे हातात पडल्याशिवाय एक पानही पाठवू नका, या भावाने हे कोणी घेत नसतं, काहीतरी काळंबेरं आहे. पैसे आले. पूर्ण आले. हातमोजेवाला म्हणाला, मग मला काही कळत नाही. मी म्हटलं, या बाबतीत आपलं एकमत आहे.

अण्णांना मी पत्र वाचून दाखवलं. "बांधणी करणारे कारागीर अजून काम करत असतील तर" हे वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग पत्र स्वतःच्या हातात घेतलं, खालचा दुकानाचा पत्ता चष्मा सारून बघितला, घडी करून खिशात ठेवलं, आणि म्हणाले, "सरस आण, चिकटवायला." त्यांचा हात थरथरतो, हे तुला माहीत आहे की नाही कोण जाणे. डाव्यापेक्षा उजवा जास्त. चहाची बशी वाजते. मी आणि ही दोघंही मनातून घाबरलो होतो. पण जिना उतरून ते रोज सकाळी कारखान्यात जायला लागले, एका हाताने कठडा आणि एका हाताने माझा खांदा धरून. मी दुकान उशिरा उघडायला लागलो. माझं काम धरून ठेवण्याचं. ते जुना कणा सोलून काढायचे, मागे खरवडून स्वच्छ करायचे, नवं चामडं बसवायचे. थरथर थांबत नव्हती, पण ते तिला सवड द्यायचे. ब्रश टेकवायच्या आधी हात थोडा वेळ हवेत तसाच धरायचे आणि मग एकदम टेकवायचे. दोन चामडी वाया गेली. तिसऱ्यापासून जमलं. एका खंडात मला शिवण जरा सैल वाटली, म्हणून मी म्हटलं, ही पण नव्याने घालू या का? "शिवणीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "ती पक्की आहे. बाहेरचं तेवढं बदलायचं."

एक दिवस काम करता करता, मान वर न करता, त्यांनी विचारलं, "पिना काढल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं म्हणतात ना?" जिन्यातलं बोलणं ऐकलं होतं त्यांनी. ऐकून महिना झाला होता, आणि तरी तीन दिवस बसून भाव काढला होता. मी म्हटलं, तो व्यापारी आहे अण्णा, त्याचा बाजार वेगळा. ते म्हणाले, "खोटं नाही बोलला तो. पण पिना गंजल्या असत्या. गंज कागदात उतरतो. तुम्ही पोरं ती लोळून वाचायचात, वर्षभरात चिंध्या झाल्या असत्या." थोडा वेळ ते चामड्याची कड घासत बसले. मग म्हणाले, "मला ती विकायची नव्हतीच मुळी. टिकायला हवी होती." आणि मला पट्टी मागितली. मी चुकीची पट्टी दिली. त्यांनी तीच वापरली.

आता माझा खरा गोंधळ सांगतो. हे गिऱ्हाईक कोण? मी तुला सरळ विचारू शकतो, पण विचारताना मला कोणतं उत्तर हवं आहे हेच मला ठरवता येत नाही. तू असशील, तर हा भाव बाजाराचा नाही, घरचा आहे, आणि बांधणीला बाहेर किंमत नाही हा हातमोजेवाल्याचा शब्द खरा ठरतो. तू नसशील, तर कुठेतरी एक परका माणूस आहे, ज्याला अण्णांचं काम फोटोत बघूनही कळलं. मला दोन्ही हवंय. सकाळी दुकानात गोळ्या मोजताना वाटतं, परकाच असू दे, देवा. संध्याकाळी घरी आलो की वाटतं, तूच अस. हिला विचारलं तर ती म्हणते, "पैसे आले, कपाट रिकामं झालं, नव्या घरात पलंगाला जागा झाली. तुम्हाला हे सुख का बोचतंय?" तिचंही बरोबर आहे.

तू ज्या दिवशी घर सोडून गेलीस त्या दिवशी मी खाली कारखान्यातच होतो. जुन्या दप्तरांचे फोटो काढून कागद भट्टीत घालणाऱ्या त्या कचेरीत तुला नोकरी लागली होती, आणि अण्णा म्हणत होते, माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी कागद जाळायला जाणार. तू म्हणालीस, कागद मेलाय अण्णा, तुम्ही मढं सजवत बसलाय. ते म्हणाले, मग मढ्याच्या घरात थांबू नकोस. दोघांचीही जीभ एकाच दगडावर घासलेली. त्याला आता आठ वर्षं झाली. तुझी नोकरी वाईट होती असं मला वाटत नाही, आणि अण्णांचं दुःख खोटं होतं असंही वाटत नाही. मी दोन्हीकडून मान डोलावत आलो आहे आणि माझी मान दुखते. या आठ वर्षांत अण्णांनी तुझं नाव घेतलेलं नाही. 'ताई' नाही, 'तुझी बहीण' नाही. रविवारी ते मला विचारतात, "फोन आला होता का?" कोणाचा, ते मी समजून घ्यायचं. मी म्हणतो, "आला होता." ते म्हणतात, "बरं."

काल पार्सल बांधलं, आणि हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलं. चौदा खंड, प्रत्येक वेगळ्या कागदात, मधे पुठ्ठे. अण्णांनी एकही घडी मला घालू दिली नाही. मी पेटीवर त्या दुकानाचा पत्ता लिहीत होतो, तेव्हा ते म्हणाले, आत एक चिठ्ठी टाक. मी कागद घेतला. ते सांगायला लागले, "लिही. कणे नवे आहेत, म्हणून एकदम मधून उघडायचं नाही. पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरायचं. आधी पुढची थोडी पानं आडवी करायची, मग मागची थोडी. परत पुढची, परत मागची. असं करत करत मधे यायचं. घाई केली तर कणा मोडतो." मी लिहून घेतलं आणि सहज म्हटलं, अण्णा, ते गृहस्थ कोण कुठले, त्यांना एवढं सगळं कळेल का? ते सुतळीला गाठ मारत होते. म्हणाले, "तिला कळेल." माझं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही, गाठ मारली, टोक कापलं आणि पलंगावर जाऊन पडले. ताई, ती चिठ्ठी मी पार्सलमध्ये घातली नाही. पेटी दुकानात कोणीतरी उघडेल, कागद इकडे तिकडे होईल. ती या पत्रासोबत पाठवतोय. खंड तुझ्याकडे येणार असतील तर निरोप तुझाच आहे. येणार नसतील, तर अण्णांचा गिऱ्हाइकाबद्दल गैरसमज झाला असं धर. पण निरोप त्यांनी कोणाला दिला, त्यात माझा काडीचाही गोंधळ नाही. रविवारी फोन कर. मी उचलणार नाही, दुकानात असेन. घरात फक्त अण्णा असतील.

तुझाच,
ढब्या